फाइलच्या मधोमध ३७५६ नल बाइट आले कुठून?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल. नाशिकच्या अंबडमधल्या तुमच्या कंपनीने सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्रांना जोडायचा एक छोटा डबा बनवला आहे. त्यावर लिनक्स नाही, एक लहान रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम आहे. म्हणून एनएफएस (नेटवर्कवरून दूरच्या फाइली वाचण्या-लिहिण्याचा प्रोटोकॉल) आवृत्ती ३ चा क्लायंट, म्हणजे सर्व्हरकडे फाइल मागणारा भाग, तुम्ही स्वतःच लिहिलात. प्रोग्रॅमिंगच्या खोलीतला विंडोज पीसी कॅममधून (यंत्राचा प्रोग्रॅम तयार करणारं सॉफ्टवेअर) जी-कोड, म्हणजे यंत्राला द्यायच्या हुकमांच्या ओळी, काढून नॅसवर (नेटवर्कवरचा सामायिक साठा) टाकतो आणि डबा तो तिथून उचलून यंत्राला देतो. अधूनमधून डब्यावरच्या प्रोग्रॅममध्ये मध्येच नल बाइटांचा पट्टा दिसतो. नॅसवर तीच फाइल उघडली तर ठणठणीत. थोड्या वेळाने डब्यावरचीही आपोआप बरी होते. कॉलेज रोडच्या ऑफिसात हे कधी घडत नाही, ग्राहकाच्या शॉप फ्लोअरवर घडतं. ॲट्रिब्यूट कॅशची (फाइलचा आकार, वेळ वगैरे माहितीची डब्याने जवळ ठेवलेली प्रत) मुदत शून्य करून पाहिली तर प्रकार कमी होण्याऐवजी वाढला. नॅसवाला स्विचकडे बोट दाखवतो, स्विचवाला केबलकडे. तुमच्या सहकाऱ्याने पॅच सुचवला आहे की फाइलचं शेवटचं पान (कॅशमधला ठरावीक आकाराचा तुकडा) कॅशच करायचं नाही, आणि तो लावून मोकळं व्हावं का, असं तुम्ही विचारता.

तो पॅच लावू नका. त्याने लक्षण जाईल आणि रोग राहील, शिवाय पुढच्या वेळी तो नल बाइटांच्या रूपात दिसणार नाही, म्हणजे पकडणं आणखी अवघड.

हा दोष किती वाईट आहे तेही सांगतो, कारण तुमच्या लिहिण्यात ‘कधीतरी होतं’ असा सूर आहे. नल म्हणजे शून्य हा अंक नव्हे, आठही बिटं शून्य असलेला बाइट. पंच टेपच्या काळात छिद्र न पाडलेली टेप म्हणजे नल, आणि ती वाचायची नाही अशी रीत होती. बरेच कंट्रोलर आजही तो बाइट निमूटपणे वगळतात. म्हणजे यंत्र अलार्म देणार नाही. साधारण वीस-पंचवीस बाइटांची ओळ धरली तर दीडशेच्या वर ओळी गायब होतील आणि टूल आधीच्या बिंदूपासून थेट पुढच्या सापडलेल्या बिंदूकडे जाईल. मध्ये जॉब असेल, फिक्स्चरचा क्लॅम्प असेल, त्याला काय. ऑपरेटरने ग्राफिक बघून वेळेत थांबवलं म्हणून तुमचं निभावलं.

आता तुम्ही पाठवलेल्या हेक्स डंपकडे (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारी यादी) बघू, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. पट्टा सुरू होतो ४१३०० व्या बाइटला आणि संपतो ४५०५५ ला. ४५०५६ पासून पुढे पुन्हा नीट जी-कोड. फाइलची एकूण लांबी ५८२१२, नॅसवर आहे तेवढीच. सुरुवातीचा आकडा ओबडधोबड, पण शेवटचा बघा. ४५०५६ म्हणजे ११ गुणिले ४०९६, आणि तुमच्या कॅशचं पान ४०९६ बाइटांचंच आहे. नल पट्टा पानाच्या मध्ये सुरू होतो आणि बरोबर पानाच्या कडेला संपतो. केबलमधल्या गोंधळाला किंवा स्विचला तुमच्या कॅशच्या पानाची कड कशी कळणार? तारेवर बाइट बिघडला तर टीसीपीचा (डेटा पाकिटांतून पोचवणारा प्रोटोकॉल) चेकसम, म्हणजे तपासणीची बेरीज, सहसा पाकीटच टाकून देतो, आणि त्यातून निसटला तरी बिघाड असा शिस्तीत पानाच्या शेवटी थांबत नाही. नॅस, स्विच, केबल तिघेही इथेच सुटले. हे नल तुमच्याच क्लायंटने लिहिले आहेत.

कधी लिहिले? फाइलचं शेवटचं पान अर्धवट असतं तेव्हा उरलेली जागा क्लायंट नलने भरतो. सगळेच क्लायंट भरतात, त्यात काही गैर नाही. म्हणजे ज्या क्षणी हे पान भरलं, त्या क्षणी सर्व्हरच्या लेखी फाइल ४१३०० बाइटांचीच होती. कॅमचा पीसी अजून लिहीत होता. तुमचा वाचनाचा आकार ३२ केबी आहे, म्हणून ३२७६८ पासूनच्या रीड विनंतीला सर्व्हरने ८५३२ बाइट आणि ‘फाइल संपली’ अशी खूण पाठवली. ८५३२ म्हणजे दोन पूर्ण पानं आणि वर ३४० बाइट. अकराव्या पानात ३४० बाइट खरे, उरलेले ३७५६ नल. सर्व्हरचं उत्तर त्या क्षणापुरतं अगदी बरोबर होतं.

इथपर्यंत दोष नाही. फाइल वाढली की तिची बदल-वेळ बदलते, क्लायंटला ते कळतं, तो जुनी पानं फेकतो आणि नव्याने वाचतो. तुमच्या कोडमध्येही हे फेकणं आहे, मी पाहिलं. मग हे एक जुनं पान टिकलं कसं?

पुढे जाण्याआधी एक संशयित बाजूला करतो, कारण हाताने लिहिलेल्या क्लायंटमध्ये पहिला हात मी तिथेच घालतो. रीडला मागितल्यापेक्षा कमी बाइट आले म्हणजे फाइल संपली, असं धरून चालणं. प्रोटोकॉलप्रमाणे सर्व्हर कमी बाइट देऊ शकतो. संपली की नाही ते वेगळी खूण सांगते, आणि ती नसेल तर उरलेल्यासाठी पुन्हा मागायचं असतं. तुमच्या कोडमध्ये हे नीट हाताळलं आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका.

खरी गोम तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्यात आहे: ‘वेग वाढावा म्हणून डेटासाठी एक आणि मेटाडेटासाठी एक, अशी दोन टीसीपी कनेक्शन ठेवली आहेत.’ कल्पना चांगली आहे, पण त्यामुळे विनंत्या ज्या क्रमाने गेल्या त्या क्रमाने उत्तरं येण्याची खात्री पार गेली. एका कनेक्शनवरही ती नसतेच. सर्व्हरवर अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) असतात, ज्याचं काम आधी झालं त्याचं उत्तर आधी निघतं, आणि कोणतं उत्तर कोणत्या विनंतीचं हे एक्सआयडीवरून (विनंतीचा ओळख-क्रमांक) जुळवायचं असतं. दोन कनेक्शन झाली की ही अदलाबदल क्वचित न राहता नेहमीची होते. अंबडहून ओझरला कालच्या साठ्याची यादी टेम्पोने पाठवली, तो नाशिकच्या द्वारका चौकात अडकला, आणि आजची यादी घेऊन मागून निघालेला दुचाकीवाला आधी पोचला, तर ओझरच्या माणसाने टेम्पो आल्यावर कालची यादी आजच्या यादीवर चिकटवायची नसते. तुमचा क्लायंट तेच करतोय.

घडतं ते असं. रीड डेटा कनेक्शनवरून निघते. सर्व्हर ती ४१३०० बाइटांच्या फाइलवर चालवतो आणि उत्तर पाठवतो, पण ते वाटेत रेंगाळतं. तेवढ्यात कॅमचा पीसी लिहिणं संपवतो. इकडे तुमचा दुसरा थ्रेड मेटाडेटा कनेक्शनवरून गेटॲट्र (फाइलची माहिती विचारणारी विनंती) पाठवतो आणि त्याला लगेच उत्तर मिळतं: आकार ५८२१२, नवी बदल-वेळ. क्लायंट शहाण्यासारखा जुनी पानं फेकतो आणि नवी वेळ नोंदवतो. आता रेंगाळलेलं रीडचं उत्तर येतं. त्याच्यासोबतचे ॲट्रिब्यूट जुने आहेत हे तुमचं कोड ओळखतं आणि ते टाकून देतं. पण त्याच उत्तरातला डेटा मात्र पानात भरतं, शेपटीला नल लावतं आणि पानावर ‘ताजं’ असा शिक्का मारतं. आता नोंद सांगते नवी वेळ आणि पानात आहे जुना मजकूर. यापुढे कितीही वेळा गेटॲट्र केलं तरी सर्व्हर तीच नवी वेळ सांगणार, क्लायंटला बदल दिसणार नाही, आणि ते पान कॅशमध्ये जागा कमी पडून आपोआप बाहेर जाईपर्यंत खोटं बोलत राहणार. ‘थोड्या वेळाने आपोआप बरी होते’ ते यामुळे. डब्यात मेमरी कमी आहे हे तुमचं नशीब.

बाकीची कोडीही यात सुटतात. ऑफिसात केबल लहान आणि स्वच्छ, पाकीट हरवत नाही. शॉप फ्लोअरवर केबल स्पिंडलच्या ड्राइव्हशेजारून, कधी वेल्डिंगच्या जवळून गेलेली असते. डेटा कनेक्शनवरचं एक पाकीट हरवलं की पाठवणारा टीसीपी थांबून पुन्हा पाठवतो, आणि मागून दुसरी पाकिटं येऊन हरवल्याची वर्दी देत नसतील, तर लिनक्समध्ये ही वाट २०० मिलिसेकंदांच्याही वर जाऊ शकते. नॅस बहुधा लिनक्सवरच चालतो. फाइलच्या शेवटच्या तुकड्याच्या मागे दुसरं काही नसतं, म्हणजे नेमकं तेच पाकीट हरवलं की जास्त वाट पाहावी लागू शकते. एरवी जी खिडकी मिलिसेकंदाहून लहान असते ती इथे दोनशेपटीनेही उघडू शकते. तेव्हा केबलवाला अगदीच निर्दोष नाही, त्याने फक्त तुमचा दोष उजेडात आणला. शील्ड केलेली केबल टाका, पण तो उपाय म्हणून नव्हे. आणि ॲट्रिब्यूटची मुदत शून्य केल्यावर गेटॲट्रची संख्या वाढली, म्हणजे रेंगाळलेल्या रीडला ओलांडून जाणारे दुचाकीवाले वाढले. प्रकार वाढला नसता तरच मला नवल वाटलं असतं.

हे सगळं मी कोड वाचून सांगतोय. तुम्ही ते सिद्ध करा, नाहीतर दुरुस्ती लागू पडली की नशीब, हे कळणार नाही. डब्यावर पाकिटं पकडायची सोय नाही, तेव्हा स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या वाहतुकीची प्रत दुसऱ्यावर पाठवणं) लावा आणि मिरर केलेल्या पोर्टला लॅपटॉप जोडून टीसीपीडंपने एनएफएसच्या पोर्ट २०४९ ची वाहतूक साठवा. वायरशार्क (पाकिटं उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर) विनंती आणि उत्तराची जोडी स्वतः लावून दाखवतो. दोन कनेक्शनवर एकसारखे एक्सआयडी येऊ शकतात, म्हणून कनेक्शनही बघा. शोधायचं ते असं की ३२७६८ पासूनची एखादी रीड गेटॲट्रच्या आधी निघाली आहे, तिचं उत्तर गेटॲट्रच्या उत्तरानंतर आलं आहे, आणि तिच्यासोबतचा आकार गेटॲट्रमधल्या आकारापेक्षा लहान आहे. तिन्ही एका ठिकाणी सापडलं आणि त्याच फाइलमध्ये नल निघाले, की पंचनामा पूर्ण.

मग हाच प्रकार टेबलावर हुकमी घडवा. दोन नेटवर्क पोर्ट असलेला एखादा जुना लिनक्स पीसी नॅस आणि डबा यांच्यामध्ये ब्रिज म्हणून ठेवा. त्याच्या डब्याकडच्या पोर्टवर नेटएम (पाकिटांना मुद्दाम उशीर लावणारी लिनक्सची सोय) लावून फक्त डेटा कनेक्शनच्या पाकिटांना अर्धा सेकंद उशीर करा. नेटएम बाहेर जाणाऱ्या पाकिटांवरच चालतं, म्हणून बाजू चुकली तर विनंत्या अडतील आणि उत्तरं मोकळी सुटतील, आणि तुम्हाला वाटेल की दोष गेला. लिहिणारी स्क्रिप्ट नॅसवरच चालवा, म्हणजे विंडोजची स्वतःची कॅश मध्ये येणार नाही. ४१३०० बाइट लिहायचे, डब्याची रीड येऊन गेली की ३०० मिलिसेकंदांनी उरलेले. फाइलमध्ये खरा जी-कोड नको. प्रत्येक ओळीत त्या ओळीची जागा आणि फाइलची आवृत्ती छापा. पुढे नल नसलेला पण जुना मजकूर पकडायचा आहे, तिथे ही आवृत्तीच कामाला येते.

आता दुरुस्ती. प्रत्येक फाइलच्या नोंदीत एक पिढी-क्रमांक ठेवा. पानं फेकाल तेव्हा तो एकने वाढवा. रीड पाठवताना त्या क्षणीची पिढी विनंतीसोबत लिहून ठेवा. उत्तर आलं की आधी पिढी ताडून पाहा. तीच असेल तर डेटा पानात भरा. बदलली असेल तर डेटा कॅशमध्ये जाता कामा नये, रीड पुन्हा पाठवा. कल्पना एवढीच आहे, मेहनत आहे ती लॉकमध्ये, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपात. पिढी ताडणं आणि पानावर ‘ताजं’ शिक्का मारणं एकाच लॉकखाली व्हायला हवं, आणि पानं फेकणं व पिढी वाढवणं त्याच लॉकखाली. तुमच्या कोडमध्ये पानांचा लॉक वेगळा आणि ॲट्रिब्यूटचा वेगळा आहे. तसंच ठेवून मध्ये नुसती तुलना घातलीत तर तुलना झाल्यावर आणि शिक्का मारण्याआधी दुसरा थ्रेड पिढी वाढवून जाईल. दोष पूर्वीपेक्षा दुर्मिळ होईल, म्हणजे दहापट त्रासदायक.

एखादी फाइल कोणी सतत लिहीतच असेल तर रीड दर वेळी बाद होऊन तुमचा थ्रेड फिरत राहील. दोन-तीनदा असं झालं की आलेला डेटा मागणाऱ्याला द्या, पण कॅशमध्ये ठेवू नका. लॉग दाखवायला हे चालतं. प्रोग्रॅम यंत्राला द्यायला चालत नाही, तिथे सरळ ‘फाइल अजून लिहिली जात आहे’ असं सांगून थांबा.

हीच अदलाबदल ॲट्रिब्यूटच्या बाबतीतही होते, आणि तिथे मामला अधिक नाजूक आहे. तुम्ही आत्ता ‘बदल-वेळ जुनी असेल तर टाकून द्या’ असं करता. यात एक भोक आहे. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की तिची मूळ बदल-वेळ टिकते. सेटरने (यंत्र जुळवणाऱ्याने) पेन ड्राइव्हवरून गेल्या महिन्यातला प्रोग्रॅम परत नॅसवर टाकला, तर सर्व्हरवरची फाइल नवी असूनही तिची बदल-वेळ जुनी असेल आणि तुमचा क्लायंट ती कधीच मान्य करणार नाही. तुलना ‘मोठी आहे का’ अशी नको, ‘वेगळी आहे का’ अशी हवी. आणि ती एकट्या बदल-वेळेची नको. आकार, बदल-वेळ आणि सीटाइम (फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ), तिन्ही बघा. सीटाइम सर्व्हर स्वतः लावतो, कॉपी करणाऱ्याला तो सहजी मागे नेता येत नाही.

मग जुनं उत्तर ओळखायचं कसं? विनंती निघताना तिला एक चढता क्रमांक द्या. घड्याळ वापरू नका, डब्याचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) मागे सरकलं की खेळ खलास. फाइलच्या नोंदीत ‘शेवटचा स्वीकारलेला क्रमांक’ ठेवा. त्याहून आधी निघालेल्या विनंतीचं उत्तर आलं तर ते संशयास्पद. लिनक्सच्या क्लायंटमध्ये याच कामासाठी जेनकाउंट नावाचा क्रमांक आहे, त्याचं कोड वाचण्यासारखं आहे. त्यात एक बारकावा आहे: ॲट्रिब्यूट बदललेले दिसले की नोंदीत त्या विनंतीचा क्रमांक न लिहिता मोजणीतला पुढचा, कोरा क्रमांक लिहायचा. त्यामुळे त्या क्षणी हवेत असलेल्या सगळ्याच विनंत्या संशयित ठरतात. हे का, तर विनंती आधी निघाली म्हणजे सर्व्हरने ती आधी चालवली, असंही नसतं. एकमेकींवर चढलेल्या दोन विनंत्यांमध्ये सर्व्हरवर खरा क्रम काय होता हे क्लायंटला बाहेरून कळूच शकत नाही. म्हणून संशयित उत्तर स्वीकारायचंही नाही आणि खोटं म्हणून विसरायचंही नाही. नोंदीवर ‘शंका’ अशी खूण करायची आणि हवेतल्या विनंत्या संपल्या की एक नवं गेटॲट्र पाठवायचं. एक जास्तीची विनंती जाते, जाऊ द्या.

क्रमांक ३२ बिटांचा ठेवलात तर तो कधीतरी फिरून शून्यावर येईल. डबे महिनोन्‌महिने बंद होत नाहीत. तुलना वजाबाकी करून चिन्ह बघून करा, टीसीपीचे क्रमांक करतात तशी. ६४ बिटांचा ठेवायचा तर तुमच्या ३२ बिटांच्या प्रोसेसरवर तो वाचताना अर्धा जुना अर्धा नवा मिळणार नाही याची सोय करा.

डबा नॅसवर लॉगही लिहितो, म्हणून जाता जाता: स्वतःचा न पाठवलेला डेटा हातात असताना सर्व्हरने सांगितलेला लहान आकार स्वीकारू नका, नाहीतर स्वतःच्याच लॉगची शेपटी कापाल.

सहकाऱ्याच्या पॅचबद्दल आता नीट सांगता येईल. शेवटचं पान कॅश केलं नाही तर नलची शेपटी कॅशमध्ये राहणार नाही, हे खरं. पण फाइल वाढली नसून तिच्यावर दुसरी लिहिली गेली असेल, म्हणजे ऑफसेट बदलून तोच प्रोग्रॅम पुन्हा काढला असेल, तर रेंगाळलेल्या रीडने मधली जुनी पानं नव्या फाइलमध्ये जाऊन बसतील. नल नाही, तुटलेली ओळ नाही, आकारही जुळेल. फक्त काही ओळींत एक्सचा आकडा आधीच्या आवृत्तीचा. हे कोणत्याही ग्राफिकमध्ये दिसणार नाही. टेबलावरच्या चाचणीत आवृत्ती छापा म्हटलं ते यासाठीच. दोन्ही पॅच तिथे चालवून पाहा, सहकाऱ्याला वाद घालायची गरज पडणार नाही.

नॅसच्या फाइल सिस्टिमकडेही एक नजर टाका. आवृत्ती ३ मध्ये वेळ नॅनोसेकंदात पाठवायची जागा आहे, पण सर्व्हरकडे तेवढी बारीक वेळ असेलच असं नाही. ईएक्सटी३ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर वेळ सेकंदात साठते. ईएक्सटी४ वरही आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) १२८ बाइटांचा असेल तर तेच. आयनोड मोठा असला तरी लिनक्सच्या कर्नलमध्ये ही वेळ वर्षानुवर्षं घड्याळाच्या टिकीने, म्हणजे काही मिलिसेकंदांच्या उड्या मारत पुढे जात आली आहे. एकाच टिकीत दोन बदल झाले आणि आकार तोच राहिला, तर आवृत्ती ३ च्या क्लायंटला दुसरा बदल कळायचा मार्ग नाही. साधा बचाव असा की बदल-वेळ सर्व्हरच्या ‘आत्ता’च्या अगदी जवळची असेल तर त्या फाइलची पानं फार काळ खरी मानायची नाहीत.

आवृत्ती ४ वर गेलो तर सुटेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. थोडं सुटेल. तिथे वेळेऐवजी चेंज नावाचा वेगळा ॲट्रिब्यूट आहे, आणि ४.२ मध्ये (प्रोटोकॉलचं लेखी वर्णन आरएफसी ७८६२, २०१६) हा आकडा चढताच राहतो का हेही सर्व्हर सांगू शकतो. तसं सांगितलं तर कोणते ॲट्रिब्यूट नवे हे क्लायंटला खात्रीने कळतं. पण उशिरा आलेला रीडचा डेटा फेकलेल्या पानात घालायचा की नाही, हा प्रश्न तिथेही तुमचाच. कॅश कशी सांभाळायची याचं धोरण हा प्रोटोकॉल ठरवत नाही, असं आवृत्ती ३ च्या आरएफसी १८१३ मध्ये १९९५ सालीच स्पष्ट लिहून ठेवलं आहे. आणि आवृत्ती ४ चा क्लायंट हाताने लिहिणं म्हणजे लॉक, लीज आणि सेशन यांचा वेगळाच संसार. या दोषासाठी तिकडे जाऊ नका.

क्लायंट पूर्ण दुरुस्त झाला तरी एक गोष्ट उरते. लिहिणाऱ्याने फाइल बंद केल्यानंतर जो उघडेल त्याला नवा मजकूर दिसेल, एवढीच एनएफएसची रूढ हमी. लिहिणं चालू असताना उघडलं तर अर्धा प्रोग्रॅम मिळणं हा दोष नव्हे. म्हणून पोस्ट-प्रोसेसरकडून (कॅममधून जी-कोड काढणारा भाग) फाइल आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहून घ्या आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला. डब्याने तात्पुरत्या नावाकडे बघायचंच नाही. याचा एक परिणाम होईल. डबा जुनी फाइल वाचत असताना तिच्या जागी नवी आली तर जुनं हँडल (सर्व्हरने फाइलसाठी दिलेली ओळख) मेलेलं असेल आणि सर्व्हर स्टेल ही चूक पाठवेल. आवृत्ती ३ मध्ये तिचा आकडा ७०. तेव्हा नवं हँडल मिळवून तिथून पुढे वाचायचा मोह होईल, कारण बहुतेकांचं पुन्हा-प्रयत्नाचं कोड तसंच असतं. तसं केलंत तर अर्धा जुना आणि अर्धा नवा प्रोग्रॅम शिवून यंत्राला द्याल. आत्तापर्यंत वाचलेलं सगळं टाका आणि नाव शोधण्यापासून पुन्हा सुरू करा.

सातपूर आणि सिन्नरच्या ग्राहकांकडे आज जे डबे चालू आहेत त्यांचं काय, ते शेवटी. पिढी-क्रमांकाचा बदल टेबलावर तावून सुलाखून निघेपर्यंत प्रोग्रॅम चढवण्याची वाट तेवढी वेगळी करा. त्या फाइलच्या हवेतल्या रीड आधी संपू द्या, तिची सगळी पानं फेका, गेटॲट्र करा, पुढचं आगाऊ न वाचता एकाच थ्रेडने सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, पुन्हा गेटॲट्र करा. आकार, बदल-वेळ आणि सीटाइम दोन्ही वेळा एकच असतील तरच प्रोग्रॅम यंत्राला द्या. हळू होईल, पण ५८ केबीला असा किती वेळ लागतो! आणि जाताना एक चाळणी लावा. मजकुरात एकही नल बाइट दिसला, किंवा शेवटी एम३० (प्रोग्रॅम संपल्याचा हुकूम) आणि टक्क्याची खूण नसेल, तर प्रोग्रॅम नाकारायचा आणि पडद्यावर तसं लिहायचं. ही चाळणी आज संध्याकाळीच टाकता येईल, आणि दुरुस्तीनंतरही ती काढू नका.